गुरुजींचे स्मरण आणि आपली प्रार्थना



नोव्हेंबर हा आपल्या मृतजनांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला आपण कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, मिस्सासाठी आपल्या माणसांची नावे देतो. त्या नावांत एखाद्या मास्तरांचे नाव हमखास असते. आपल्या भागात दिवसा शाळा आणि संध्याकाळी प्रार्थना घेणाऱ्या मास्तरांनीच कित्येक घरांना अक्षर दिले आणि श्रद्धाही दिली. म्हणून आज आपण अशाच एका शिक्षकाचे व कुटुंबवत्सल माणसाचे स्मरण करू या. त्यांचे बिऱ्हाड काही काळ आपल्या राहुरीतच होते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते. त्यांनी सेवा केली ती अमेरिकन मराठी मिशनमध्ये. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच आपल्याला शिकवले आहे की, इतर ख्रिस्ती बांधवांमध्ये ख्रिस्ताकडून आलेले जे जे चांगले दिसेल, ते आपण आनंदाने मान्य करावे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्यामुळे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली, कोणाच्या जबरदस्तीने नव्हे तर स्वतःच्या विचाराने, त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. शाळेत न गेलेल्या या पत्नीला लिहायला-वाचायला टिळकांनी शिकवले. नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवीत. पण त्यांची खरी शाळा त्यांचे घर होते. निराधार मुले तिथे वाढली. कवी बालकवी ठोंबरे हे त्या घरात मुलासारखे राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, पण ते स्वस्थ बसले नाहीत. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूकडे गेले.

बंधुभगिनींनो, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात पतीची आठवण कशी ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. टिळकांचा तापट स्वभाव त्यांनी लपवला नाही. हातात पैसा टिकत नसे, घरात काय आहे याचा विचार न करता ते देऊन टाकीत, हेही सांगितले. तरीही त्या ग्रंथात पानोपानी माया आहे.

आपण मात्र पुष्कळदा गेलेल्या माणसाला लगेच देवपण देतो. मातीच्या वेळी सगळेच म्हणतात, “मास्तर देवमाणूस होते.” शब्द प्रेमाचे असतात, पण आपण तेवढ्यावरच थांबलो, तर त्या माणसासाठी प्रार्थना कोण करणार? ख्रिस्तसभा मृतांसाठी मिस्सा अर्पण करते, कारण ती जाणते की ते माणूस होते, कष्टले, प्रेम केले आणि कुठे कमीही पडले. ज्यांनी आपल्याला घडवले, त्यांच्या चांगुलपणाबद्दल देवाचे आभार मानावे आणि त्यांच्या उणिवा देवाच्या दयेवर सोपवाव्यात. ख्रिस्ती स्मरणाला हे दोन्ही हात लागतात.

आणखी एक गोष्ट. प्रभूच्या जीवनावरचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी सुरू केले, पण ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि शेवटचा हात फिरवला तो मुलगा देवदत्त यांनी. ज्या पत्नीला त्यांनी अक्षरे गिरवायला लावली, तिनेच त्यांचे अपुरे काम उचलले! संत पौल करिंथकरांना हेच सांगतो: लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ देणारा देव. शिक्षक निवृत्त होतो, देह ठेवतो. त्याचे पेरलेले वाढतच राहते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करू या. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या निवृत्त गुरुजींना किंवा बाईंना घरी जाऊन भेटू या. जे गेले, त्यांच्यासाठी कुटुंबाने एकत्र बसून रोझरीची एक माळ म्हणू या. आणि त्यांचे एखादे चांगले काम अपुरे राहिले असेल, तर ते आपल्या हातात घेऊ या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू स्वतः गुरू झालास. आम्हाला शिकवून गेलेल्या तुझ्या सर्व सेवकांना तुझ्या दयेने सार्वकालिक विसावा दे, आणि त्यांचे देणे पुढच्या पिढीला पोहोचवण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.