ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांना

नातीचा पहिलावहिला पासपोर्ट परवा स्पीड पोस्टानं आला. पाकीट फोडायचा मान अर्थात तिचाच. आधी स्वतःचा फोटो बघून तिनं नाक मुरडलं, मग शेवटच्या पानावर आईबाबांची नावं बरोबर छापली आहेत ना, हे बोट फिरवून तपासलं. पाचवीतलं पोर. छापील काही हाती आलं की वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. सुरुवातीच्या पानावरचा हिंदी मजकूर तिनं अडखळत, मोठ्यानं वाचला आणि मला विचारलं, "आजोबा, हे पत्र आहे का? कुणाला लिहिलंय?"

मी चष्मा लावला. इतकी वर्षं पासपोर्ट कपाटात विम्याच्या कागदांबरोबर जपून ठेवला, चारदोनदा परदेशीही जाऊन आलो, पण ते पान मी कधी वाचलं नव्हतं. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावानं तिथे विनंती केलेली असते, की या माणसाला अडवू नका, मोकळेपणानं येऊ-जाऊ द्या आणि त्याला लागेल ती मदत, लागेल ते संरक्षण द्या. ही विनंती कुणाला? ज्यांचा या गोष्टीशी संबंध येईल त्या सर्वांना. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या पासपोर्टावरही याच अर्थाचा मजकूर असतो. म्हणजे नात म्हणाली ते खरंच, ते पत्रच आहे. पूर्वी गावाकडून मुंबईला निघालेल्या पोराच्या खिशात वडीलधारी माणसं चिठ्ठी देत, 'पत्र घेऊन येणाऱ्याची सोय करावी.' तशीच ही चिठ्ठी. फरक एवढाच, की ती ज्याच्यासाठी लिहिली तो माणूस कोण असेल, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

तिला उत्तर देताना मला कराची आठवली.

५ सप्टेंबर १९८६. पॅन ॲम कंपनीचं ७३ क्रमांकाचं जम्बो जेट मुंबईच्या सहार विमानतळावरून निघालं होतं. कराची, तिथून फ्रँकफर्ट आणि मग न्यूयॉर्क असा मार्ग. कराचीच्या धावपट्टीजवळ ते उभं असताना पहाटे एक गाडी शिड्यांपाशी आली. विमानतळाच्या सुरक्षा रक्षकांसारखे कपडे घातलेले चौघे तिच्यातून उतरले आणि गोळ्या झाडत विमानात घुसले. अबू निदाल या दहशतवादी संघटनेची ती माणसं होती. विमान सायप्रसला न्यायचं आणि तुरुंगातले आपले साथीदार सोडवून घ्यायचे, हा त्यांचा बेत. विमानात तेव्हा प्रवासी आणि कर्मचारी मिळून पावणेचारशेच्या आसपास माणसं होती.

केबिनमधून धोक्याचा इशारा कॉकपिटमध्ये पोहोचला आणि तिन्ही वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून दोराच्या आधारानं खाली उतरून निसटले. यावर पुढे बरंच बोललं गेलं. कप्तान जहाज सोडून गेला, असं म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही तसंच वाटलं होतं. पण नियम हाच होता आणि त्याच्यामागे विचार होता. उडवणारा कुणी नसला की विमान जमिनीवरच राहतं, आणि आकाशातल्या ओलिसांपेक्षा जमिनीवरचे ओलीस वाचण्याची आशा जास्त. मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनीही पुढे सांगितलं, की ते गेले हे बरंच झालं. मला ते पटतं. तरीसुद्धा, वरची झडप उघडून तिघं गेले आणि खाली केबिनमध्ये विशी-पंचविशीतली मुलं-मुली चार बंदुकांसमोर उरली, हे चित्र पटलेल्या युक्तिवादानं पुसलं जात नाही. कधी कधी योग्य निर्णयाचीही किंमत असते आणि ती दुसराच कुणी चुकवतो. मग त्या निर्णयाला चूक म्हणू नये, पण किंमत मोजणाऱ्याला विसरूही नये.

त्या मुला-मुलींची प्रमुख होती नीरजा भनोत. चंदीगडला जन्मलेली, मुंबईत वाढलेली, बॉम्बे स्कॉटिश आणि झेवियर्समध्ये शिकलेली पत्रकाराची मुलगी. हुंड्याच्या जाचापायी मोडलेलं लग्न मागे टाकून ती नोकरीत रुजू झाली होती.

वैमानिक मिळेनात, तशी सकाळीच अपहरणकर्त्यांनी एका प्रवाशाला दाराशी आणून गोळी घातली. भारतीय वंशाचा, कॅलिफोर्नियात राहणारा तरुण, नुकताच अमेरिकेचा नागरिक झालेला. त्यानंतर हुकूम सुटला, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा. अमेरिकन कोण कोण आहेत हे त्यांना हवं होतं.

हा क्षण नीट पाहण्यासारखा आहे. हवाई सुंदरी जिथून चहाची ट्रॉली नेते, तीच ती अरुंद वाट. दोन्ही बाजूंनी हात पुढे येतात, प्रत्येक हातात एक पुस्तिका. कुणाची निळी, कुणाची हिरवी. आपली पुस्तिका दिली तर जीव वाचेल की जाईल, हे देणाऱ्याला माहीत नाही. घेणारीला मात्र माहीत आहे, कारण कुणाला शोधतायत ते तिनं ऐकलंय. पाठीवर बंदूक रोखलेली. अशा वेळी त्या मुली पिशवी पुढे धरून पासपोर्ट घेत गेल्या आणि त्यातले अमेरिकन पासपोर्ट हळूच सीटखाली सरकवत गेल्या, मिळेल त्या जागी दडपत गेल्या. पिशवी अपहरणकर्त्यांकडे पोहोचली, तेव्हा ज्यांच्यासाठी ती भरली होती ते पासपोर्ट तिच्यात जवळजवळ नव्हतेच.

कुणी भाषण केलं नाही की कुणी छाती पुढे काढून उभं राहिलं नाही. दिलेलं काम करतोय असं दाखवायचं आणि ते होऊ द्यायचं नाही, एवढंच.

दहशतीचं पहिलं काम गोळी घालणं हे नसतंच. पहिलं काम असतं निवडणं. समोर बसलेल्या माणसाला आधी एका रकान्यात बसवावं लागतं. तो अमुक देशाचा, अमुक धर्माचा. तान्हं मांडीवर घेतलेली बाई, झोपेतून दचकलेला म्हातारा, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झालेलं पोरगं, यांच्यावर बंदूक रोखायला हात धजत नाही. रकान्यावर रोखता येते. म्हणून यादी लागते, म्हणून पासपोर्ट लागतात. आणि यात केवढी विटंबना आहे पाहा. याला सांभाळा असं अनोळख्याला सांगणारी चिठ्ठी, तीच हाती घेऊन यालाच मारायचं हे ठरवायचं.

हे कराचीत पहिल्यांदा घडलं असं नव्हे. २७ जून १९७६ रोजी तेल अवीवहून अथेन्समार्गे पॅरिसला चाललेलं एअर फ्रान्सचं विमान पळवून युगांडातल्या एन्टेबेला नेलं, तेव्हाही हेच झालं. पासपोर्ट पाहून इस्रायली प्रवाशांना वेगळ्या खोलीत घातलं आणि बाकीच्यांना टप्प्याटप्प्यानं सोडून दिलं. अपहरणकर्त्यांतले दोघे जर्मन होते. महायुद्ध संपून जेमतेम एकतीस वर्षं झाली होती, आणि पुन्हा एक जर्मन माणूस ज्यूंना बाजूला काढत होता. कप्तान मिशेल बाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जायला मोकळीक होती. ते गेले नाहीत. प्रवासी माझे आहेत, ते सुटेपर्यंत मी इथेच, ही बाकोस यांची भूमिका. एका कप्तानानं विमान सोडलं ते बरोबर, दुसऱ्यानं सोडलं नाही तेही बरोबर. कर्तव्याचं पाठांतर करून ठेवलं की काम भागत नाही, ते दर वेळी नव्यानं ओळखावं लागतं.

१९८५ साली पळवून बैरूतला नेलेल्या टीडब्ल्यूए या विमानकंपनीच्या विमानातली उली डेरिकसन ही पर्सर मला याहून जवळची वाटते, कारण तिच्यावर अन्याय झाला. ज्यू वाटणारी नावं वेगळी काढायला तिला सांगितलं गेलं, आणि ते काम तिनंच केलं अशी बातमी आधी पसरली. खरं तर तिनं पासपोर्ट लपवायचाच प्रयत्न केला होता. अल्जिअर्सला इंधन मिळेना, तेव्हा विमानात तेल भरायचे पैसेही तिनं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर दिले होते. बंदुकीसमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल लांब बसून निकाल द्यायची आपल्याला किती घाई असते!

आणि आपण तरी निवड करत नाही का? विमान पळवल्याची किंवा पडल्याची बातमी आली की माझा पहिला प्रश्न काय असतो, तो मी प्रामाणिकपणे सांगतो. "आपले किती होते?" आपले म्हणजे भारतीय. भारतीय असले तर मराठी कुणी होतं का. आकडा शून्य आला की छातीतला श्वास सुटतो आणि हात चहाच्या कपाकडे जातो. त्यात दुष्टपणा नाही, मायाच आहे. पण ती मायासुद्धा रकाने पाडते. कराचीच्या त्या मुलींनी ज्यांचे पासपोर्ट दडवले, ते त्यांचे कुणीच नव्हते. नावगाव माहीत असण्याचंही कारण नव्हतं.

इथे एक गोष्ट मला छळते आणि ती टाळली तर हे लेखन खोटं होईल. अमेरिकन सापडेनात, तेव्हा अपहरणकर्त्यांनी एका ब्रिटिश प्रवाशाला पुढे बोलावलं. आता आपली पाळी, असं समजून तो कितीतरी तास दाराशी बसून होता. तो वाचला आणि पुढे त्यानं त्या दिवसावर पुस्तक लिहिलं. पण वाचला नसता तर? एकाला दडवलं की शोधणाऱ्याची नजर शेजारच्यावर पडते. मग त्या मुलींनी चूक केली का? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, त्यांनी एकाऐवजी दुसऱ्याला निवडलं नाही. हातात आलेली निवड त्यांनी बिघडवली. पुढची निवड केली ती बंदूकवाल्यानं, आणि तिचा भार त्याच्याच माथी. हे उत्तर मला पुरतं समाधान देत नाही, पण याहून खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

सोळा-सतरा तास असे गेले. रात्री विमानातली वीज पुरवणारं यंत्र बंद पडलं, दिवे विझले आणि अंधारात चौघांनी गोळ्या झाडायला, हातबॉम्ब फेकायला सुरुवात केली. आता कुणाच्या पासपोर्टाचा रंग दिसत नव्हता. कर्मचाऱ्यांनी दारं उघडली, लोकांना बाहेर ढकललं, कुणी पंखावरून उड्या मारल्या. नीरजा दाराशीच होती, सगळ्यांत आधी बाहेर पडणं तिला शक्य होतं. मुलांना वाचवताना तिला गोळी लागली.  ती जन्मली ७ सप्टेंबर १९६३ला. दोन दिवसांनी तिला तेवीस वर्षं पुरी होणार होती.

वीसहून अधिक माणसं गेली. भारतीय, पाकिस्तानी, अमेरिकन, मेक्सिकन. पॅन ॲमचा एक पाकिस्तानी तंत्रज्ञ दिवसभर रेडिओवरून बोलणी पोहोचवत होता, तोही गेला. भारतानं नीरजाला अशोकचक्र दिलं, हा सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री. पाकिस्ताननं 'तमगा-ए-इन्सानियत' दिला. दोन्ही देशांनी एकाच माणसाला डोक्यावर घ्यावं, असे प्रसंग आपल्या इतिहासात किती आहेत? तिच्या आईवडिलांनी मिळालेल्या पैशातून विश्वस्त निधी उभा केला आणि त्यातून दोन पुरस्कार ठेवले. एक विमान कर्मचाऱ्यांसाठी, दुसरा अन्याय सोसून उभ्या राहिलेल्या आणि इतर बायकांना हात देणाऱ्या स्त्रीसाठी. मुलीच्या मोडलेल्या संसाराबद्दल गप्प बसणं सोपं होतं. ते बसले नाहीत. अपहरणकर्त्यांच्या म्होरक्याला पुढे २००४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं १६० वर्षांची शिक्षा दिली.

नीरजाचं नाव राहिलं, ते राहायलाच हवं. पण ती एकटी नव्हती. २०१६ साली तिच्यावर चित्रपट आला, त्या वर्षी वाचलेल्या सहकाऱ्यांपैकी काही जण पहिल्यांदा जाहीरपणे बोलले. तीस वर्षं ते गप्प होते. पासपोर्ट दडवणारे हात एकाहून जास्त होते.

नातीला मी यातलं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. गोळ्यांचं फारसं नाही, पासपोर्टांचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्या ताईंनी हे पान वाचलं होतं का?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक. बहुतेक नसेल."

थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीत डोकावलो, तर ती सोफ्याची गादी उचलून नवा पासपोर्ट खाली सरकवत होती. गादी नीट बसवली, वर मांडी घालून बसली आणि मला विचारलं, "आता दिसतोय?"