पावती नसलेला खर्च

शाळेतल्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं की गाव हलतं. परिपाठाला मुख्याध्यापक दोन शब्द बोलतात, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड फिरतो आणि आठ-दहा दिवसांत बरी रक्कम उभी राहते. त्यात नवल नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं एके काळी घरोघरच्या मूठभर धान्यावर, मुष्टिफंडावर जेवली; तेही पुरेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट अंगावरचं सोनं दिलं. देणं आपल्याला जमतं. दिल्यानंतर कसं वागायचं, तिथे आपण अडखळतो.

महिना-दोन महिने सरले की कुजबुज सुरू होते. ‘सरकारी योजनेत तर सगळं फुकट होतं ना? मग एवढे पैसे गेले कुठे?’ महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, हे खरं. पण लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. परळच्या टाटा रुग्णालयात पोर दाखल असताना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळाला, तरी बापाची मजुरी बुडतेच. धाकटी मामाकडे ठेवावी लागते, तिच्या वह्या-चपलांचं कुणीतरी बघावं लागतं. दुभती म्हैस पडत्या भावात जाते. यातल्या कशाचीच पावती मिळत नाही, आणि वर्गणी देणाऱ्याला हवी असते नेमकी पावती!

मग कुणीतरी बघतं, की आईच्या हातात नवा मोबाईल आहे. झालं! तपासणीची तारीख, योजनेचा ओटीपी, अंथरुणावरच्या पोराचा अभ्यास हे सगळं त्या मोबाईलवर येतं, हे सांगायला ती प्रत्येकाच्या दारी जाणार नाही. तिने जाऊही नये. शंभर रुपये दिले म्हणून तिच्या घरात डोकावण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. हिशेब हवाच, पण तो शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन-तीन समंजस माणसांनी पाहावा, आणि बाकीच्यांना जमा किती, दिले किती, एवढंच कळावं.

नावांचंही तसंच. कोणी किती दिले याची यादी परिपाठाला वाचली की ज्याच्या घरून काहीच आलं नाही ते पोर मान खाली घालतं. त्याहून मोठी किंमत आजारी मुलगा पुढे मोजतो. बरा होऊन तो त्याच वर्गात, त्याच बाकावर येणार असतो. कबड्डीत आउट की नॉट आउट यावरून भांडण पेटतं आणि समोरचा म्हणून जातो, ‘आमच्या पैशांनी वाचलायस, गप बस.’ हे वाक्य त्या पोराचं नसतं, ते त्याला मोठ्यांनी शिकवलेलं असतं. नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो मदतीच्या आवाहनात घालणारेही त्या शिकवणीत सामील असतात. नियत चांगली असते, मान्य. पण तो फोटो नको.

शाळेजवळ पैशांखेरीजही पुष्कळ आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, ही गोष्ट मजूर बापाला कोण सांगणार? तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला शाळेतला लिपिक सोबत गेला, तर त्याचं काम एखाद्या देणगीहून मोलाचं ठरतं. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. त्या साठवून भागत नाही, माणसंच पुन्हा पुन्हा लागतात. मुंबईत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पाळी लावून घेतली तर त्या बापाला अनोळखी शहरात रक्तदाते शोधत फिरावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल बोलायला सगळे कचरतात. पैसे उरले तर? मूल बरं होऊन उरतील, किंवा मूल जाईल आणि उरतील. दुसऱ्या प्रसंगी ‘राहिलेले परत करा’ म्हणत त्या घरी जायला पाय उचलेल का कुणाचा? आणि कुणी गेलंच, तर त्या आईने काय करायचं? म्हणून पहिला रुपया घेण्याआधीच समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावं: कुटुंबाला दिलेलं कुटुंबाचं; शाळेच्या खात्यात उरेल ते पुढच्या आजारी मुलाचं.