अर्पणाची किंमत कोणी द्यावी?

उपासनेत अर्पणाची थैली पुढे आली की किती द्यावे, याचा आपण विचार करतो. ते कोणाच्या वाट्याचे आहे, हा प्रश्न क्वचितच मनात येतो.

अरवना यबूसी दावीद राजाला खळे, बैल व लाकडे फुकट देत होता. दाविदाने 50 शेकेल रुपे मोजून खळे व बैल विकत घेतले, आणि मगच वेदी बांधून होम केला (2 शमुवेल 24). दुसऱ्याच्या खर्चाने केलेले अर्पण त्याला अर्पण वाटले नाही. याउलट, आईबापांच्या हक्काचे ‘कुर्बान’ म्हणून राखणाऱ्यांना प्रभूने दोष दिला (मार्क 7). तेथेही देवाला दिले जात होते. मात्र त्याची झीज वृद्ध आईबापांना सोसावी लागत होती.

मिझोराममधील ख्रिस्ती भगिनी तांदूळ शिजवण्यापूर्वी त्यातील मूठभर देवकार्यासाठी बाजूला काढतात. ही मूठ घरातल्या सर्वांच्या ताटातून निघते, शेजाऱ्याच्या नव्हे. मोलकरणीची मजुरी अडवून भरलेला दशमांश मात्र तिच्या ताटातून निघतो. पावतीवर नाव तेवढे आपले असते.

मग सर्व देणी फिटेपर्यंत अर्पण करूच नये काय? प्रभूने तसे सांगितले नाही. दान वेदीपुढेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा आणि परत येऊन ते अर्पावे, असे त्याने शिकविले (मत्तय 5). देव आपल्या दानासाठी थांबू शकतो. मजुरी थकलेल्या भगिनीची चूल थांबू शकत नाही.