नरकासुराचे छत्र

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो, तेव्हा नरकासुराचा वध आपल्या ध्यानात असतो. त्याच्या मालमत्तेचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही. भागवतात त्याचे उत्तर आहे. वरुणाचे छत्र आणि अदितीची कुंडले त्याने बळकावली होती. तो मेल्यावर भूमातेने ती श्रीकृष्णाच्या हवाली केली आणि कुंडले अदितीला परत मिळाली. ‘ही आता बाटली, मला नकोत’ असे अदिती म्हणाल्याचे माझ्या वाचनात नाही. देवादिकांचा प्रश्न तसा सोपा होता, कारण त्या वस्तूंना हक्काचे धनी होते. परंतु जी वस्तू दुष्टाने रीतसर पैसे मोजून घेतलेली असते, तिचे काय करावे? ती विकावी काय? आणि विकायची तर किंमत कशाची घ्यावी?

हा प्रश्न पुराणातच राहिलेला नाही. 1993 साली आमच्या रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. त्या प्रकरणातील फरारी आरोपी दाऊद इब्राहिम याची एक ह्युंदाई ॲक्सेंट मोटार सरकारने डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत लिलावात काढली. हिंदू महासभेच्या स्वामी चक्रपाणींनी ती 32 हजार रुपयांना घेतली. तिची रुग्णवाहिका करण्याचा विचार त्यांनी आधी बोलून दाखवला होता. पुढे त्याच महिन्यात त्यांनी ती गाझियाबादेत जाहीरपणे जाळली. त्यांचा संताप मी समजू शकतो. तरीही मला वाटते की पहिला विचार अधिक चांगला होता. लोखंडाला मन नसते. ज्या चाकांनी गुन्हेगार नेला, त्याच चाकांनी एखादी अडलेली बाळंतीण वेळेवर दवाखान्यात नेली असती. गाडी जळली, गुन्हेगाराचे त्यात काहीच जळले नाही.

याच्या उलट बाजूही पाहा. त्याच कुटुंबाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुंबके गावच्या जमिनी जानेवारी 2024 मध्ये लिलावात निघाल्या. एका लहानशा तुकड्याची सरकारी किंमत होती 15,440 रुपये. बोली गेली 2 कोटी 1 लाखावर. बोली लावणाऱ्या वकिलांनी अंकशास्त्राचे कारण दिले आणि तेथे शाळा काढण्याचा मनोदय सांगितला. हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. पण शेजारच्या एखाद्या गरीब कुणब्याचा तेवढाच तुकडा विकायला निघाला असता, तर ती बोली ऐकायला मुंबईत इतके वार्ताहर जमले असते काय?

अमेरिकेत तर याचा धंदाच झाला. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीने टोपेका गावच्या एका कुटुंबाची फोर्ड मोटार चोरली. 23 मे 1934 रोजी पोलिसांनी त्या दोघांना त्याच मोटारीत गोळ्या घातल्या. चाळण झालेली ती मोटार मूळ मालकिणीला मोठ्या खटपटीनंतर परत मिळाली, आणि मग ती गावोगाव तिकीट लावून दाखवली गेली. अदितीलाही चोरीची वस्तू परत मिळाली होती. पण कुंडले पाहायला तिने स्वर्गात तिकीट लावले नाही!

आता थोडे घरच्याकडे येतो. खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत, माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे गॅरेज आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे साठीच्या दशकातील एक अमेरिकन मोटार आली. लांबलचक नाक, आठ सिलिंडरांचे इंजिन. तरुण मंडळी अशा गाडीला ‘मसल कार’ म्हणतात. बोरघाट चढताना ती उन्हाळ्यातल्या म्हशीसारखी पेट्रोल पिई. तिच्या जुन्या आरसी बुकात आधीच्या मालकांमध्ये एक नाव होते, एके काळी तस्करीच्या बातम्यांत गाजलेले. कर्जतजवळ फार्महाऊस बांधलेले एक मुंबईकर गिऱ्हाईक आले आणि त्यांनी दुप्पट भाव देऊ केला. अट एकच : ‘त्या’ माणसाची ही गाडी, असे झोकदार मजकुरात लिहून हवे. ते चौकट करून दिवाणखान्यात लावायचे होते.

गॅरेजवाले माझ्याकडे आले. “गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. चार ओळी झणझणीत लिहून द्या. खोटं काहीच लिहायचं नाही.”

खोटे काहीच नव्हते, हीच तर अडचण होती. शेजारच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तेथे बैल विकताना भला शेतकरी बैलाची खोड आधी सांगतो. ती सांगितल्याने भाव उतरतो, म्हणूनच त्या सांगण्याला सचोटी म्हणतात. पण जे सांगितल्याने भाव चढतो, ते सत्य असले तरी त्याला सचोटी कशी म्हणावी? तेच वाक्य एका तोंडी कबुली असते आणि दुसऱ्या तोंडी जाहिरात.

कोणी म्हणेल, कादंबरीकार तरी दुसरे काय करतो? खलनायक नसेल तर त्याचे पुस्तक खपेल काय? हा टोला मला लागतो. पण कादंबरीत खलनायकाने ज्यांना रडवले, त्यांनाही बोलायला पाने मिळतात. निदान मिळायला हवीत. चौकटीतल्या चार ओळींत फक्त त्याच्या रुबाबाला जागा होती.

मी ओळी लिहून दिल्या. नाव, सालवार मालकी, आणि तो माणूस तस्करीसाठी तुरुंगात होता, एवढेच. गॅरेजवाल्यांनी वाचून कागद खाली ठेवला. “यात मजा नाही, गुरुजी. आणि तुमचं बरं आहे, तुमचा पगार ठरलेला. माझ्या पोरीची फी कोण भरणार?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे त्यांनी ती गाडी त्याच कोरड्या ओळींसह दुसऱ्याला साध्या भावात दिली. तोटा त्यांना झाला. मला काहीच झाला नाही. नीतीचा उपदेश करणाराने हा हिशेब सदैव डोळ्यांपुढे ठेवावा.

तरीही माझे मत बदललेले नाही. इंजिनाची, पत्र्याची, मेहनतीने केलेल्या दुरुस्तीची किंमत मालकाने बेलाशक घ्यावी. ती त्याची आहे. परंतु वरचा दुप्पट भाव कशाचा असतो? एखाद्या नावाला कुणीतरी कधीतरी घाबरले, त्या भीतीचा. ती भीती ज्यांनी सोसली, ती माणसे त्या सौद्यात कोठेच नसतात. मोटार भले रोकड्या पैशांची असो, तिची कुप्रसिद्धी मात्र चोरीचा माल आहे. आणि चोरीचा माल विकण्याचा हक्क शेवटच्या मालकालाही नाही.