मशवरा देणाऱ्याची अमानत

परक्या शहरात उतरलेला माणूस आधी दोनच गोष्टी विचारतो: राहायचे कुठे, जेवायचे कुठे. आम्ही जळगावकर धुळ्याला गेलो की असेच विचारतो. धुळ्यात वाट सांगणे तसे सोपे. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने इथली नवी पेठ सरळ रेषेत आखली; गल्ल्यांना नंबर आहेत. झणझणीत शेवभाजी कुठे मिळेल हे मात्र गावचा माणूसच सांगू जाणे. तो आनंदाने सांगतो आणि त्याच दमात म्हणतो, "अमुक भागात जाऊ नका."

6 जानेवारी 2013 रोजी मच्छीबाजार परिसरात हॉटेलच्या बिलावरून भांडण झाले. त्याची दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात 6 जण गेले. ज्याच्या घरातून जनाजा निघाला त्याने "तिकडे जाऊ नका" म्हटले, तर त्याला कोण काय म्हणणार? पण ज्याने त्या भागात कधी पाऊलच ठेवले नाही, त्याचे काय? असे लोक दोन्हीकडे आहेत, आणि सल्ला तेच जास्त देतात.

आपल्यात मशवरा ही अमानत मानतात. मग पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, हे विचारणाऱ्याला वेगळे करून सांगायला नको का? इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. उर्दू शाळेची सहल तिकडे न्या, असे आम्हाला अजून कुणी सुचवलेले नाही. आम्हीही कुणा मराठी शाळेला आमच्या मोहल्ल्यात जेवायला बोलावलेले नाही.