चढणीचे मासे

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की भोर आणि वेल्हे परिसरातील ओढे भरून वाहू लागतात आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. हेच चढणीचे मासे. उथळ, स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालावीत, एवढाच त्यांचा हेतू. परंतु नेमके याच वेळी ते सर्वांत सहज हाती लागतात. अरुंद ओढ्यात जाळे आडवे लावले की पुरे. जो जीव पुढच्या पिढीसाठी निघाला आहे, त्याला वाटेतच पकडणे न्याय्य आहे काय?

शेतकरी अडचणीतही पेरणीचे बियाणे सहसा दळणाला काढीत नाही. गाभोळीने भरलेली मासळी हे नदीचे बियाणेच होय. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ज्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले, तो सावकाश वाढतो आणि वयात यायला काही वर्षे घेतो. मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी अधिक. म्हणून अशी एक मादी गेली, म्हणजे केवळ एक मासा गेला असे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मासे तयार करून नदीत सोडता येतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून महसीराची पैदास होत आली; ते काम मोलाचेच. परंतु हाच मासा कावेरीत सोडला गेला, तेव्हा तिथल्या मूळच्या कुबडदार महसीराच्या संकटात भर पडली. नदीचे देणे हौदातून पुरते फिटत नाही.

मग आवर कोणी घालावा? आषाढात घरातले धान्य सरत आलेल्या कातकरी कुटुंबाला संयमाचा उपदेश करणे सोपे आहे. पण माशांची वाट आधी अडवली ती धरणांनी. पानशेतचे पाणी पुण्याच्या नळांना येते, भाटघरचे खालच्या उसाला जाते. त्याचे लाभार्थी आपण. तेव्हा संयमाची सुरुवातही आपणच करावी: चढणीची गाभोळीची मासळी हौसेने विकत घेऊ नये. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास कायद्यानेच मनाई आहे. तसे घडताना दिसले तर गप्प बसू नये.

समुद्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना बंदी असते. डोंगरातल्या प्रत्येक ओढ्यावर पहारा कोण ठेवणार? भुकेपुरते घेणे आणि हौसेसाठी घेणे यांतील भेद शेवटी ताटावर बसणाऱ्यानेच ओळखायचा असतो.