कठडा किती उंच?

हैदराबादेस एका घरच्या प्रार्थनेनंतर चहा घेत असता आमच्या ओळखीचा एक तरुण जवळ येऊन बसला. शहरातील एका इस्पितळात, हृदयाच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांखाली पाहून मोकळ्या करतात त्या खोलीत तो तंत्रज्ञ आहे. तेथे काम करणाराच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, एक लहानसा बॅज असतो. अंगावर किती किरणे पडली ते त्यात साठते व दर तीन महिन्यांनी तो तपासणीस जातो. तो म्हणाला, "काका, काम फार असलं की आम्ही बॅज ड्रॉवरमध्ये ठेवतो. आकडा वाढला तर चौकशी होते, दुसरीकडे बसवतात, ओव्हरटाईम जातो. हे खोटं बोलणं झालं का?"

'खोटे ते खोटे' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. शब्बाथ शाळेतील मूलही तेवढे सांगेल. पण तो फसवतो कोणाला? आणि त्याच्यावर ही पाळी आणतो कोण?

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कामगारांसाठी घातलेली मर्यादा अशी : लागोपाठ पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, म्हणजे सरासरीने वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. ज्यांचा या कामाशी संबंध नाही अशा तुम्हाआम्हांसाठी मात्र वर्षाला १. मग कामगाराचे शरीर आपल्यापेक्षा वीसपट दणकट असते काय? नसते. त्याला धोक्याची माहिती दिलेली असते, त्याच्यावर नजर असते, त्याला पगार मिळतो. म्हणून त्याच्याकडून अधिक मागण्यास समाजाने स्वतःला मुभा दिली आहे. तेव्हा मर्यादेच्या आत सारे निर्धोक, असे कोणी समजू नये. हजार माणसांना प्रत्येकी १०० मिलिसीव्हर्ट मिळाले, तर त्यांच्यापैकी चार-पाच जणांना त्यामुळे पुढे केव्हातरी कर्करोग व्हावा असा तज्ज्ञांचा ढोबळ अंदाज आहे. ते चार-पाच कोण हे कधीच कळत नाही, कारण तो रोग इतरांनाही होतच असतो. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी शोक कोण करणार?

ही मर्यादा आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियम लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली. त्यांच्याच हाडांवरून १९४१ साली शरीरात किती रेडियम चालेल ते तेथे ठरले. बाहेरून पडणाऱ्या किरणांसाठी १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीने जी मात्रा सोसण्याजोगी मानली, ती वर्षाच्या हिशेबाने आजच्या मर्यादेच्या पंचवीस-तीसपट भरते. १९९० साली या समितीने वर्षाची ५० ची मर्यादा २० वर आणली. काल ज्याला कायद्याने हो म्हटले त्याला आज तोच कायदा नाही म्हणतो.

आता हिशेबातली एक खोच पाहा. आमच्याच शहरात अणुइंधन संकुल आहे. १९७१ साली ते स्थापन झाले. तेथे युरेनियमचे इंधन बनते आणि देशातील अणुभट्ट्यांना जाते. अशा भट्टीत अधिक किरणांच्या जागी दुरुस्ती करायची असेल, तर एकाऐवजी दहा माणसे थोडा थोडा वेळ आत पाठवता येतात. कोणीच मर्यादा ओलांडीत नाही. पण दहा जणांच्या अंगावर पडलेल्याची बेरीज केली तर ती कमी झालेली नसते. ओझे वाटून घेणे वाईट नव्हे; ते आपण पुण्यच मानतो. मात्र ते नेहमी कंत्राटी माणसांतच वाटले जात असेल, तर त्याला वाटून घेणे म्हणावे की दुसऱ्यावर ढकलणे? मर्यादा पाळली म्हणजे संपले असे नियमही म्हणत नाहीत. वाजवी प्रयत्नाने किरणे जितकी कमी करता येतील तितकी करावी, असे त्यांचे सांगणे आहे. पण जाड भिंतीला आणि चांगल्या यंत्राला पैसे पडतात. माणूस स्वस्त पडतो.

अनुवादाच्या पुस्तकात नव्या घराच्या धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे. वर चढणारा आपल्या पायांनी चढतो, पडलाच तर त्याच्याच चुकीने. तरी दोष येतो घरधन्यावर. कठडा किती हात उंच असावा हे तेथे सांगितलेले नाही. आम्हांला पूर्वी ती उणीव वाटे.

त्या तरुणाला आम्ही बॅज लावायला सांगितले. दोन माणसे चार माणसांचे काम करीत आहेत, याची साक्ष देणारा तेथे तेवढाच आहे; तोही ड्रॉवरमध्ये गेला तर कोण बोलणार? हे सांगताना जीभ थोडी अडखळली, कारण ओव्हरटाईम त्याचा जाणार होता, आमचा नव्हे.

त्याने बॅज लावला. आकडा वाढलेला निघाला आणि त्याला नोंदणीच्या खिडकीवर बसवले. पगार कमी आला आहे. त्याच्या या महिन्याच्या घरभाड्याचा प्रश्न आम्ही येत्या रविवारी मंडळीच्या पंचांपुढे ठेवणार आहोत.